चर्च सोडलं, पण ६१ हजार माणसांचं काय करायचं?

मागच्या आठवड्यात आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, संकेतस्थळावर आमच्या संस्थेच्या नावापुढे ‘स्वीकारलं’ अशा अर्थाचा एक शब्द उमटला आणि अकरा महिने चाललेलं प्रकरण कागदोपत्री मिटलं. आज जानेवारी २०२४. हे सगळं विसरायच्या आत लिहून ठेवतेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. श्रद्धा कशी गेली, चर्च का सोडलं, यावर इंग्रजीत ढिगानं सापडतं. पण श्रद्धेमुळे तुमच्या मागे आलेली माणसं, त्यांनी दिलेले पैसे, त्यांचे ईमेल पत्ते यांचं काय करायचं, हे मला कुठे धड मिळालं नाही. आपल्यातले कितीतरी जण परदेशात बसून भजनाचं, सत्संगाचं, प्रवचनाचं चॅनल चालवतात. उद्या कुणाला त्यातून बाहेर पडावंसं वाटलं, तर निदान कागदपत्रांची वाट तरी माहीत असावी.

मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण फोनवर आई अजून नगरच म्हणते. आमचं घर अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती. आजीच्या उशाशी ‘उपासना संगीत’ असायचं, त्यातली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. श्रद्धा आमच्याकडे भाजी-भाकरीसारखी होती. रोज असायची, आणि तिच्याविषयी कुणी बोलत नसे.

२०१२ मध्ये नवऱ्यामागे डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात आले. एच-४ व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो, नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही. शेजारणीनं चर्चला नेलं. पाच हजार खुर्च्या, पार्किंगमध्ये चमकदार जाकिटं घालून उभे असलेले स्वयंसेवक, दारातच कॉफीचा काउंटर. पहिल्यांदा गेले तेव्हा मला मॉलमध्ये आल्यासारखं वाटलं होतं, पण तिथल्या बायकांनी मला नावानिशी लक्षात ठेवलं, आणि त्या वर्षी ही फार मोठी गोष्ट होती. दोन वर्षांत माझी खात्री पटली की नगरचं आमचं ख्रिस्तीपण नावापुरतं होतं. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा तिथे चालत नव्हता. २०१४ मध्ये स्टेजवर ठेवलेल्या टाकीत, टी-शर्ट घालून, कोमट पाण्यात माझा पुन्हा बाप्तिस्मा झाला. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” पुढे बोललीच नाही.

२०१५ मध्ये इन्स्टाग्रामवर पान सुरू केलं. रुंद समासाचं बायबल घ्यायचं, त्या समासात रंगीत पेनांनी वचन सुलेखनात लिहायचं, बाजूला चित्र काढायचं. याला तिकडे ‘बायबल जर्नलिंग’ म्हणतात. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या, हात बरा होता. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका हजारोंनी आल्या. मग यूट्यूब. (एच-४ वाल्यांसाठी: वर्क परमिट हातात नसेल तर जाहिरातींचे पैसे सुरू करू नका, कितीही किरकोळ असोत. मी २०१६ मध्ये परमिट येईपर्यंत थांबले होते.) २०१८ मध्ये दोन मैत्रिणींना घेऊन ना-नफा संस्था काढली. टेक्सासमध्ये अशा संस्थेला किमान तीन डायरेक्टर लागतात. नोंदणीला २५ डॉलर, आणि आयआरएसकडे ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेच्या, दर्जासाठी फॉर्म १०२३-ईझी, त्याचं शुल्क २७५ डॉलर. मी संस्थेकडून पगार कधी घेतला नाही. देणग्यांतून पुस्तिका छापायच्या, कॅमेरा, पोस्ट, सॉफ्टवेअर.

श्रद्धा का गेली हे इथे लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. एवढंच सांगते. एप्रिल २०२१ मध्ये आजी कोविडनं गेली. दफन व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं. दोन माणसं, प्लॅस्टिकचे पोशाख, भजन नाही. त्या रविवारी चर्चमधल्या आमच्या छोट्या गटातल्या एका बाईनं माझा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून विचारलं, तुझ्या आजीचं तारण झालं होतं का, म्हणजे ती स्वर्गात गेली असेल ना? बाई वाईट नव्हती. पण तिचा हात सोडवून घेताना काहीतरी सुटलं ते परत बसलं नाही.

ऑगस्ट २०२२ पासून चर्चला जाणं बंद झालं. पान मात्र चालू. कारण लाजिरवाणं आहे: मी ११८ पोस्ट आधीच करून वेळ लावून ठेवल्या होत्या. आठवड्याला चार आपोआप जायच्या. सकाळी मी भांडी घासत असायचे आणि तिकडे माझ्या अक्षरात ‘भिऊ नकोस’ प्रकाशित व्हायचं. खाली शंभर-दोनशे बायका ‘आज हेच हवं होतं’ लिहायच्या. सात महिने हे चाललं. ढोंग करायला काही करावं लागत नाही, काही न करता राहिलं की ते आपोआप होतं. लोक विचारतात सर्वांत अवघड काय गेलं, तर हे सात महिने.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ११८ पोस्ट संपल्या. त्या वेळी आकडे असे होते: इन्स्टाग्रामवर ६१,४००, यूट्यूबवर २२,८००, ईमेल यादीत ८,६०० पत्ते, दरमहा देणगी देणारे १४३ जण, बहुतेक दहा ते पंचवीस डॉलरवाले. संस्थेच्या खात्यात ११,४८० डॉलर.

मी आधी काय केलं, तर दुसऱ्यांनी काय केलं ते पाहिलं. अमेरिकेत ही वाट मळलेली आहे. जेन हॅटमेकर ही आमच्या टेक्सासचीच. समलिंगी विवाहांच्या बाजूनं बोलली म्हणून २०१६ मध्ये लाइफवे या ख्रिस्ती दुकानांच्या साखळीनं तिची पुस्तकं विकणं थांबवलं. तिचा वाचकवर्ग बदलला पण संपला नाही. ‘रेट अँड लिंक’ या यूट्यूबवरच्या जोडीनं फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या पॉडकास्टवर आपण इव्हँजेलिकल (पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावणाऱ्या माझ्या चर्चसारख्या प्रोटेस्टंट पंथांच्या) श्रद्धेतून कसे बाहेर पडलो ते सांगितलं. दोघंही एके काळी कॅम्पस क्रूसेड या ख्रिस्ती प्रचारक संस्थेत काम केलेले. पण त्यांचं मुख्य दुकान विनोदाचं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक तुटलं नाही. माझं दुकानच देवाचं होतं. माझ्यासारखा खरा दाखला जोशुआ हॅरिसचा. लग्नाआधी डेटिंग नको असं सांगणारं पुस्तक १९९७ मध्ये लिहून तो एका अख्ख्या पिढीचा गुरू झाला. २०१८ मध्ये ते पुस्तक छापणं बंद केलं, जुलै २०१९ मध्ये इन्स्टाग्रामवर आपण ख्रिस्ती राहिलो नाही म्हणून जाहीर केलं. इथपर्यंत ठीक. २०२१ मध्ये त्यानं श्रद्धेची फेरमांडणी कशी करावी याचा कोर्स काढला, २७५ डॉलरचा. त्याच्या शिकवणीनं ज्यांचं नुकसान झालं त्यांना फुकट होता, तरी इतकी टीका झाली की त्याला तो मागे घ्यावा लागला. संस्था काढायला मी सरकारला भरले तेही २७५ च. हा योगायोग मला फार दिवस टोचत राहिला.

एका करसल्लागार बाईंकडे गेले. लहान संस्थांचंच काम करणाऱ्या, पूर्ण प्रकरणाचे ६५० डॉलर. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं: आधी पैसे घेणं थांबव, मग तोंड उघड. माझा बेत उलटा होता, आधी निवेदन टाकायचं, मग बाकीचं निस्तरायचं. त्यांचं ऐकलं हे बरं झालं. निवेदनानंतर जे वादळ आलं त्यात १४३ जणांच्या कार्डावरून पैसे कापले जात राहिले असते तर मी कुणाला तोंड दाखवू शकले नसते.

मासिक देणग्या एकेक करून बंद कराव्या लागल्या. ‘सगळ्या थांबवा’ असं बटण आमच्या प्रणालीत नव्हतं. दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येकीला ईमेल: तुमची देणगी थांबवली आहे, कारण दोन आठवड्यांत कळवते, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. शेवटचं वाक्य नवऱ्यानं घालायला लावलं. आधी मला ते उगाच वाटलं होतं, पण पहिली सहा उत्तरं ‘माझं कार्ड संपलं का?’ अशीच आली.

ऑगस्ट ते फेब्रुवारीत ज्यांनी दिलं त्यांचे पैसे परत करायचे होते. करसल्लागार बाईंनी समजावलं की देणगी परत करणं म्हणजे दुकानात साडी बदलून घेणं नाही. बोर्डाचा ठराव हवा, प्रत्येकाला पत्र हवं, आणि ज्यांनी २०२२ च्या विवरणात ती वजावट घेतली असेल त्यांनी आपल्या सल्लागाराला विचारावं, हे त्या पत्रात हवं. शिवाय पैसे परत केले तरी कार्ड कंपनीचं मूळ शुल्क आपल्याला परत मिळत नाही, ते संस्थेच्या अंगावर. मी सर्वांना विचारलं. ३१ जणांनी मागितले, मिळून १,८४५ डॉलर. एकीनं लिहिलं, “मी देवाला दिले होते, तुला नाही. परत कसले देतेस?” याला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

ठरावासाठी बोर्ड हवं, आणि बोर्डाचंच त्रांगडं झालं. दोन्ही मैत्रिणींना मी माझ्या स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं होतं. एक बराच वेळ रडली आणि थांबली. दुसरीनं पर्स उचलली, रात्री राजीनाम्याचा ईमेल. तीन डायरेक्टर लागतात, उरलो दोघी. संस्था बंद करण्याचा ठरावही पूर्ण बोर्डानंच केलेला बरा, असं वकिलानं सांगितलं (एक तासाचे ३०० डॉलर, प्रश्न आधी लिहून न्या, मिनिटाला पाच डॉलर पडतात). शेवटी मीच तिला फोन केला, एका बैठकीपुरती परत ये. ती आली. केळ्याचा ब्रेड घेऊन आली, जसा दर बैठकीला आणायची. चाळीस मिनिटांत पाच ठराव झाले, तिनं प्रत्येकाला ‘होय’ म्हटलं, सही केली, आणि जाताना ब्रेडचं भांडंही घेऊन गेली. इतकी वर्षं ते भांडं ती आमच्याकडे विसरायची आणि पुढच्या बैठकीला न्यायची.

त्या पाच ठरावांतला एक सगळ्यांत महत्त्वाचा होता आणि माझ्या डोक्यात तो विषय आलाच नव्हता. करसल्लागार बाईंनी विचारलं होतं, “हे प्रेक्षक कुणाचे? तुमचे की संस्थेचे?” मी हसले. त्या हसल्या नाहीत. इन्स्टाग्रामचं खातं मी २०१५ मध्ये स्वतःच्या नावानं उघडलेलं, संस्थेच्या आधी तीन वर्षं, म्हणून ते माझं. यूट्यूबचंही तसंच. पण ईमेल यादी संस्थेनं, देणग्यांच्या पैशातून, देवाच्या कामासाठी म्हणून जमवलेली. ती संस्थेची मालमत्ता. कॅमेरा, दिवे, माईक तेही. करमुक्त संस्थेची मालमत्ता डायरेक्टरला फुकट घेऊन जाता येत नाही. कॅमेरा हवा असेल तर बाजारभावानं विकत घे. वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या तीन जाहिराती छापून फाइलला लावल्या आणि ४२० डॉलरचा चेक मी माझ्याच संस्थेला लिहिला. माईक त्यातच आला.

यादी मात्र घेतली नाही. मोह झाला नाही असं नाही. ८,६०० पत्ते म्हणजे या धंद्यात सोनं. इन्स्टाग्राम उद्या बंद पडेल, ईमेल राहतो. ‘आता मी वेगळं लिहिते, वाचाल का?’ एवढं विचारलं असतं तर कायद्यानं बहुधा चाललं असतं. पण त्या बायकांनी पत्ता दिला होता रोज सकाळी एक वचन यावं म्हणून. शेवटचा एक ईमेल पाठवला, संस्था बंद होतेय, ही यादी अमुक तारखेला पुसली जाईल, कुणाला दिली जाणार नाही. त्या तारखेला मैत्रिणीसमोर पुसली. स्क्रीनवर विचारलं, खात्री आहे का? मैत्रीण म्हणाली, “दाब गं बाई, नाहीतर मी दाबते.” अर्थात इंग्रजीत म्हणाली, पण तिचा सूर तोच होता.

निवेदन १९ मार्चला टाकलं, रविवारी रात्री, म्हणजे सोमवारी लोक कामात असतील. चौदा मसुदे झाले. टिप्स म्हणाल तर दोनच. छोटं लिहा. आणि टाकल्यावर फोन दुसऱ्याकडे द्या. मी फोन नवऱ्याकडे दिला आणि दीड तासानं परत मागून घेतला, ही चूक. आठवड्याभरात ९ हजार लोक गेले, हे अपेक्षित होतं. पण १७ हजार नवे आले, हे नव्हतं. #एक्सव्हँजेलिकल हा इव्हँजेलिकल चर्च सोडलेल्यांचा हॅशटॅग २०१६ पासून चालतोय; त्यावर माझं निवेदन कुणीतरी टाकलं आणि ते लोक लोटले. मग मी ‘मी का सोडलं’ असा बावीस मिनिटांचा व्हिडिओ केला. आठ वर्षांतला माझा सर्वांत गाजलेला प्रार्थनेचा व्हिडिओ ९० हजारांवर थांबला होता. हा चार लाखांवर गेला.

त्या दिवसांत खूप बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पॉडकास्टवाल्यांची बोलावणी आली. एका एजंटानं पुस्तकाचं विचारलं. एका गृहस्थांनी भागीदारीत ‘श्रद्धेतून बाहेर पडण्याचं कोचिंग’ काढू म्हणून तीन पानी प्रस्ताव पाठवला. एप्रिलमध्ये मी पाच डॉलर महिना असं सभासदत्व उघडलं. तीन आठवड्यांत ४१२ जण. संस्था देवाच्या नावावर पाच वर्षांत १४३ वर आली होती.

मे महिन्यात एका पॉडकास्टवर बोलले. प्रकाशित झाल्यावर आईला लिंक पाठवली. तिला इंग्रजी सगळं कळत नाही, पण ती ऐकते. आई अजून दर रविवारी उपासनेला जाते, बायकांच्या गायनमंडळात आहे. दुसऱ्या दिवशी फोन आला.

“ऐकलं गं. छान बोललीस. रडूपण आलं तुला तिथं आजीपाशी.”

“हो.”

“मागं एकदा तू ते पाण्यातनं बाहेर आल्यावर बोलली होतीस, तो व्हिडिओ पाठवलेला. तेव्हापण आजीपाशीच आलं होतं.” मग जरा थांबून, “आधी देव सापडल्याची साक्ष दिलीस, आता सोडल्याची देतीस. माईक तोच आहे का?”

ती खरंच माईकबद्दल विचारत होती. तिला आवाज स्वच्छ वाटला होता, आणि त्यांच्या गायनमंडळाला माईक घ्यायचा होता. मी मॉडेल नंबर सांगितला. फोन ठेवल्यावर २०१४ ची ती चित्रफीत शोधून काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या. चर्चमध्ये साक्ष कशी द्यायची हे आम्हाला शिकवलं होतं: आधी मी कशी होते, मग काय घडलं, आता मी कशी आहे, मधल्या भागात थांबा, श्वास घ्या, लोकांना तुमच्याबरोबर येऊ द्या. पॉडकास्टवर मी एकोणिसाव्या मिनिटाला थांबले होते आणि श्वास घेतला होता. आजीला मी दुसऱ्यांदा वापरलं होतं. म्हणूनच वर का सोडलं ते लिहिलेलं नाही. जेवढं लिहिलं तेही मनात नसताना.

उन्हाळाभर सभासदत्व चालू ठेवलं, कारण पैसे येत होते आणि दुसरी कमाई नव्हती. (त्या पैशांवर नेहमीच्या आयकराशिवाय १५.३ टक्के स्वयंरोजगार करही लागतो; दर तिमाहीला बाजूला काढत जा, एप्रिलमध्ये रडायची वेळ येते.) पण पाच डॉलर देणाऱ्याला दर आठवड्याला काहीतरी हवं असतं, आणि त्यांना माझा राग हवा होता. सुरुवातीला तो भरपूर होता. जुलैपर्यंत मी पाळकांच्या बातम्या शोधू लागले, कोण कुठे सापडला, कुणाचा घोटाळा. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, बाजारात आंबे संपले की लोक रसाचे डबे आणतात तसं चाललंय. नवीन आलेले लोक जुन्या बायकांशी टिप्पण्यांत भांडायचे, त्यांना मूर्ख म्हणायचे. त्याच बायकांच्या दहा-दहा डॉलरांतून माझ्या पुस्तिका छापल्या होत्या.

आणि निरोप. खाजगी निरोप २,९०० च्या वर गेले. मी समुपदेशक नाही, पण रात्री दोनला ओहायोतली कुणी लिहिते की घरचे मला बाहेर काढतील आणि मला जगायचं नाही, तेव्हा ती मला समुपदेशक समजूनच लिहिते. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकीशी तासन्‌तास बोलत बसले आणि आजारी पडले. मग एका ओळखीच्या मानसोपचार क्षेत्रातल्या बाईंकडून एक मजकूर तयार करून घेतला: ९८८ हा अमेरिकेतला संकटकाळचा क्रमांक, फोन किंवा मेसेज, चोवीस तास, मी तज्ज्ञ नाही, तुमचा निरोप वाचला आहे. निवेदन टाकायच्या आधीच असा मजकूर तयार ठेवा. मी ठेवला नव्हता.

जुन्या व्हिडिओंचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. चित्रांच्या पोस्ट राहू दिल्या. लोकांनी त्या अंत्यविधीच्या पत्रिकांवर छापल्यात, बाळांच्या खोल्यांत लावल्यात. त्या आता माझ्या राहिलेल्या नाहीत. पण किशोरवयीन मुलींसाठी कपडे आणि ‘शुद्धता’ यांवर केलेले नऊ व्हिडिओ होते. ते पुन्हा पाहिले. मी इतकी गोड बोलतेय त्यात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी खाली कबुल्या लिहिल्यात, आणि मी हृदयाची चिन्हं टाकलीत. ते खाजगी केले, आणि कोणते नऊ, त्यांत काय म्हटलं होतं, हे एका पोस्टमध्ये लिहिलं, नाहीतर ते गुपचूप पुसल्यासारखं झालं असतं. त्या पोस्टला सर्वांत कमी प्रतिसाद आला.

याच सुमारास आईशी पुन्हा बोलणं झालं. मी म्हणाले, सगळंच बंद करावंसं वाटतंय. ती म्हणाली, टिळकांनी मिशन सोडलं तेव्हा ते काय गप्प बसले का? १९१७ मध्ये नारायण वामन टिळक मिशनच्या पगाराची नोकरी सोडून साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, कुणीही या. आमच्या घरात हे लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हटलं, अगं, त्यांची श्रद्धा शाबूत होती. “ते खरं,” आई म्हणाली, “पण पगार आधी सोडला.” करसल्लागार बाईंनीही मला फेब्रुवारीत हेच सांगितलं होतं, त्यांनी फक्त साडेसहाशे घेतले.

सप्टेंबरमध्ये सभासदत्व बंद केलं. त्या महिन्याचे पैसे परत दिले.

संस्थेचा कागदोपत्री शेवट त्या मानानं सोपा झाला. टेक्साससाठी फॉर्म ६५२, शुल्क ५ डॉलर, दोन प्रती पोस्टानं. (उघडायला २५, मिटायला ५. लग्नाचंही असं असतं तर.) ३१ ऑगस्ट ही बंद होण्याची तारीख, शिक्का मारलेली प्रत तीन आठवड्यांनी आली. त्याआधी उरलेले पैसे वाटून खातं रिकामं करावं लागतं, पण खातं शेवटपर्यंत बंद करू नका; कुठलंसं सॉफ्टवेअर वर्षाची वर्गणी कापतंच. परतावा, दोन्ही सल्लागार आणि किरकोळ १८५ डॉलर जाऊन, कॅमेऱ्याचे धरून, ८,९२० उरले. आईचं म्हणणं, नगरच्या मुलींच्या वसतिगृहाला दे. मलाही तेच आवडलं असतं. पण आमच्या घटनेत उरलेली रक्कम दुसऱ्या ५०१(सी)(३) संस्थेलाच जाईल असं लिहिलं होतं, आणि भारतात परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. ते त्या वसतिगृहाकडे नव्हतं. पर्स उचलून गेलेल्या मैत्रिणीलाच विचारलं, तू सुचव. तिनं डॅलसमधल्या, बेघर बायकांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेचं नाव दिलं. पैसे देणारी माणसं ख्रिस्ती होती. मी बदलले म्हणून त्यांचे पैसे बदलत नाहीत.

वर्षाला ५० हजार डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थेला आयआरएसकडे फक्त ९९०-एन भरावा लागतो, ज्याला ई-पोस्टकार्ड म्हणतात. ऑनलाइन, फुकट. त्यातच संस्था बंद झाली का असा प्रश्न असतो, तिथे होय म्हणायचं. बंद झाल्यापासून पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुदत, म्हणजे आमची १५ जानेवारी. भरायला दहा मिनिटं, पण आत शिरायला ओळख पटवण्याचा सोपस्कार आहे, चेहऱ्याचा फोटो वगैरे. माझा चेहरा तीनदा नाकारला गेला, चौथ्यांदा चष्मा काढला तेव्हा पटला. कागद सात वर्षं ठेवायला सांगितलंय. बुटांच्या एका खोक्यात मावले.

इन्स्टाग्राम आता नाव बदलून चालू आहे. सुलेखन दाखवते, शाई, कागद, निब. लोक ३८ हजारांवर आलेत आणि उतरतायत.

पोस्टाची पेटी डिसेंबरमध्ये बंद केली. शेवटच्या दिवशी तीत एकच पाकीट होतं, टेनेसीमधल्या एका आजींचं. त्या २०१८ पासून महिन्याला एक पत्र पाठवतात, शिसपेन्सिलीनं, ओळी वर चढत जातात. नात त्यांना टीव्हीवर माझे व्हिडिओ लावून द्यायची. निवेदनानंतर त्यांचं पत्र आलं होतं: मी तुझ्यावर रागावले आहे आणि तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे, दोन्ही चालू राहील. या पाकिटात वेगळं होतं. नवरा गेला होता. त्याच्या प्रार्थनासभेसाठी स्तोत्र १२१, डोंगरांचं, लिहून देशील का, आणि डोंगर आमच्या स्वयंपाकघरातून दिसतात तसे काढशील का? सोबत फोटो होता. धुरकट निळे, एकामागे एक, चार रांगा.

शनिवारी बसले. पहिल्या कागदावर निळी शाई फुटली. दुसऱ्यावर तिसरी रांग चौथीच्या पुढे आली. तिसरा पाठवला, नळकांडं आणि पोस्ट मिळून १४ डॉलर झाले, पाठवणारीचा पत्ता म्हणून त्यावर माझ्या घरचा घातला. पोहोचलं की नाही ते त्यांचं पत्र आल्यावर कळेल.